माप कुणाच्या हातात?

माझा आजा सुगीत खळ्यावर बलुतं आणायला जायचा. पाटलाचा मापाड्या पायली भरायचा. पाटलाच्या कणगीत धान्य जायचं तेव्हा पायलीवर शीग चढायची. आज्याच्या घोंगडीत पडायचं तेव्हा मापाड्या पायलीच्या तोंडावरून हात फिरवायचा, आणि वरचं सगळं खाली. पायली तीच. मोजणारा तोच. हिशेबात दोन्हीकडं एकच आकडा : एक पायली.

आजा शाळेची पायरी चढला नव्हता. पण मरेपर्यंत सांगायचा, "किती दिलं ते इचारू नगंस पोरा. माप कुनाच्या हातात हुतं ते इचार."

मी आज आकड्यांचीच भाकरी खातो. तालुक्याच्या एका कॉलेजात प्रवेश विभागात क्लार्क आहे. बावीस वर्षं झाली. किती अर्ज आले, किती घेतले, कोणत्या प्रवर्गाचे किती, मुली किती, सगळं माझ्या हातानं कागदावर येतं. कॉलेजचा अहवाल छापतात तेव्हा खाली प्राचार्यांची सही असते. आकडे माझे असतात.

२०२४ सालची गोष्ट. स्टाफरूममध्ये एका प्राध्यापकाकडं सहीसाठी फाइल घेऊन उभा होतो. महाशयांच्या हातात चहा, समोर पेपर. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बघा, अमेरिकेनंसुद्धा शेवटी गुणवत्ता मानली. तिकडचं बंद झालं. तुमचं कधी संपणार?" बाकीचे हसले. 'तुमचं' म्हणजे माझं, माझ्या पोरांचं, तुमचं. तोंडाला आलेलं मी गिळलं, कारण फायलीवर सही पाहिजे होती. ते गिळलेलं आज ओकतोय.

महाशयांनी अमेरिकेचं नाव काढलं तर मग अमेरिकेलाच जाऊ. आकडा आकड्यानंच फोडू.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात अॅमहर्स्ट नावाचं एक कॉलेज आहे. १८२१ साली निघालेलं. अशा कॉलेजांना तिकडं लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात. छोटं कॉलेज, फक्त पदवीपर्यंतचं. वसतिगृहात राहून पोरं तत्त्वज्ञान शिकतात, गणित शिकतात, कविता वाचतात. सगळे मिळून दोन हजारांच्या आत विद्यार्थी. दरवर्षी नवे घेतात ते साडेचारशे-पाचशे. पण या दारातून बाहेर पडलेला माणूस पुढं कुठं दिसतो? कोर्टात, बँकेत, सरकारात, वर्तमानपत्रात. म्हणून तर दारावर एवढी झुंबड.

२९ जून २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. खटले हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांवरचे. निकाल असा की प्रवेश देताना वंशाचा विचार करायचा नाही. त्यानंतरची पहिली तुकडी २०२४ मध्ये आत आली. अॅमहर्स्टनं आकडे जाहीर केले. आदल्या वर्षी शंभरात ११ काळी पोरं होती. ती ३ झाली. लॅटिनो १२ होती, ती ८ झाली. गोरी ३३ होती, ती ३९ झाली.

११ ची ३. एका वर्षात.

३ टक्के म्हणजे चौदा-पंधरा पोरं. आमच्या कॉलेजच्या कँटीनच्या दोन बाकड्यांवर मावतील एवढी.

आता मी महाशयांना विचारतो. एका वर्षात काळ्या पोरांची बुद्धी आटली काय? त्यांच्या शाळा त्याच. मास्तर तेच. आयाबाया त्याच, दोन दोन नोकऱ्या करणाऱ्या. अर्जाचा कागदही जवळजवळ तोच. बदललं काय? पायलीवरून हात फिरला. बस्स.

आणि आणखी एक. त्याच निकालानंतर, त्याच वर्षी, येल आणि प्रिन्स्टनसारख्या ठिकाणी काळ्या पोरांचा आकडा जवळजवळ होता तिथंच राहिला. देश एक. कोर्ट एक. निकाल एक. आणि एका दारात दाणकन पडझड, दुसऱ्या दारात काहीच नाही. गुणवत्ता ही जर तराजूत घालून मोजायची वस्तू असती तर सगळ्या दुकानांत सारखीच भरली असती. दुकानागणिक वजन बदलतं तेव्हा आपण मालावर संशय घेत नाही. तराजूवर घेतो.

या अॅमहर्स्टचा जुना हिशेबही ऐका. तिथून पहिला काळा माणूस पदवीधर झाला १८२६ साली. एडवर्ड जोन्स त्याचं नाव. तुम्ही म्हणाल, वा, काय उदार कॉलेज. थांबा. त्यानंतर ८५ वर्षांनी, १९११ साली, चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन नावाचा सोळा वर्षांचा पोरगा तिथं दाखल झाला. आख्ख्या वर्गात काळा तो एकटा. ८५ वर्षांनंतरही वर्गात एकच! याला म्हणतात दाखवायचा आकडा. आमच्याकडंही प्रत्येक संस्थेला असा एक लागतो, फोटोत पुढं उभा करायला.

पण ह्यूस्टन फोटोपुरता राहिला नाही. १९१५ साली तो वर्गाच्या अगदी वरच्या विद्यार्थ्यांत बसून पदवीधर झाला. त्याच १९१५ साली, तिथून दीडशे मैलांवर न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात आपले बाबासाहेब एम. ए. झाले. ह्यूस्टन पुढं हार्वर्डला कायदा शिकला आणि काळ्यांच्या हॉवर्ड विद्यापीठात त्यानं वकिलांची फौज घडवली. थर्गुड मार्शल हा त्याचाच विद्यार्थी. आणि ह्यूस्टनची लढायची तऱ्हा बघा. १९३४ साली तो कॅमेरा घेऊन साउथ कॅरोलायनात गेला. गोऱ्यांच्या शाळेची पक्की इमारत, काळ्यांच्या शाळेची मोडकी खोपटं, सगळं चित्रित करून आणलं. गोऱ्या पोरामागं सरकार किती खर्च करतं, काळ्या पोरामागं किती, हा हिशेब त्यानं कोर्टापुढं मांडायला शिकवलं. तो १९५० ला गेला. १९५४ ला कोर्टानं वेगळ्या शाळांचा कायदा मोडला, तो त्यानं रचलेल्या वाटेनं चालूनच.

म्हणजे ज्या एकट्या काळ्या पोराला कॉलेजनं आकडा म्हणून घेतलं, त्यानंच उलटून व्यवस्थेचे आकडे मोजले. दोस्तांनो, हे ध्यानात ठेवा. शेवटी परत इथंच येणार आहे.

आता गुणवत्तेचं सोवळं जरा सोडून बघू.

अमेरिकेत कॉलेजात शिकून गेलेल्यांच्या पोरांना प्रवेशात झुकतं माप मिळतं. बाप तिथला, तर पोराचं पारडं जड. त्याला ते 'लेगसी' म्हणतात. आपल्याकडं शब्द आहे, सरळ आणि जुना : वतन. कुलकर्ण्याचा पोरगा कुलकर्णी, देशमुखाचा देशमुख, आणि त्या वतनाला कुणी परीक्षा विचारायची नाही. अॅमहर्स्टनं हे वतन २०२१ साली बंद केलं. केलं ते बरं केलं. पण बंद करताना काय कळलं? की तोवर दर तुकडीत ११ टक्क्यांच्या आसपास पोरं माजी विद्यार्थ्यांची होती. अकरा! पुढं काळी पोरंही अकराच होती. या अकरांवर देशभर बोंब झाली, खटला झाला, सुप्रीम कोर्ट बसलं. त्या अकरांवर कुठल्या कोर्टानं निकाल दिला? २०२३ च्या निकालानं वंशाचा विचार काढला, वतनाला हात लावला नाही. ज्या हार्वर्डवर खटला चालला, तिथले कागद बाहेर आल्यावर अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला : आत घेतलेल्या गोऱ्या पोरांपैकी ४३ टक्के एकतर खेळाडू म्हणून, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची, देणगीदार-वशिल्याची किंवा तिथल्याच नोकरदारांची पोरं म्हणून घेतलेली. शंभरातली त्रेचाळीस! ह्याला महाशय काय म्हणतात? गुणवत्ता म्हणतात.

खेळाडूंचंही ऐका. खेळ म्हटलं की आपल्याला वाटतं गरिबाचा पोरगा अनवाणी पळून पदक आणतो. या छोट्या कॉलेजांत खेळ म्हणजे स्क्वॉश, लॅक्रोस, नाव वल्हवणं. अॅमहर्स्टमध्ये विद्यार्थ्यांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास पोरं कॉलेजच्या संघांतून खेळतात. स्क्वॉशचं कोर्ट कुठल्या झोपडपट्टीत असतं ते मला दाखवा.

तिसरी गंमत, आधीच नाव नोंदवायची. 'अर्ली डिसिजन'. नोव्हेंबरातच अर्ज करा, आणि घेतलं तर येईनच असं लिहून द्या. दुसऱ्या कॉलेजची मदत किती, याची तुलना करायची नाही. गरिबाला हे कसं परवडेल? त्याला चार ठिकाणी विचारूनच पाऊल टाकावं लागतं. ज्याच्या बापाला फीची फिकीर नाही तो लिहून देतो. अशा कितीतरी कॉलेजांची निम्मी तुकडी या दारानं भरते. वर कॉलेजचा फायदा असा की बोलावलेले जवळजवळ सगळे येतात, मग कमी पोरांना बोलावून जागा भरतात, आणि 'आम्ही शंभरातले दहाच घेतो' म्हणून मिरवता येतं. जेवढ्यांना हाकललं तेवढी अब्रू जास्त. हे त्यांचं शास्त्र.

अब्रूसाठी आकडे चोरायचीही तयारी असते. कॅलिफोर्नियात क्लेअरमाँट मॅकेना नावाचं असंच एक छोटं, नावाजलेलं कॉलेज आहे. २०१२ साली त्यांना स्वतःच्या तोंडानं कबूल करावं लागलं की २००५ पासून आमचा एक बडा अधिकारी विद्यार्थ्यांचे प्रवेश परीक्षेचे गुण फुगवून कळवत होता. कॉलेजांच्या क्रमवारीत वर बसायला. सहा-सात वर्षं गुणवत्तेचा आकडा खोटा, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या पोराच्या जातीच्या दाखल्यावर एक काना कमी पडला तरी पडताळणी समिती सहा महिने फिरवते.

आणि गुण खरे असले तरी काय? २०२३ साली राज चेट्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथल्या बारा सगळ्यांत बड्या विद्यापीठांचा अभ्यास मांडला. परीक्षेत गुण सारखेच. पण वरच्या १ टक्का श्रीमंतांचं पोरगं तिथं शिकायला जाण्याची शक्यता मध्यम घरातल्या पोराच्या दुपटीहून जास्त. सारखे गुण, पण तिथं पोचतात दुप्पट! शीग आणि सपाट पायली. आज्याला हे समजायला अमेरिकेला जावं लागलं नव्हतं.

आपल्या नात्याचं आणखी एक कॉलेज आहे तिकडं. मेन राज्यातलं कोल्बी. २०२१ साली कोल्बीनं भेदभावविरोधी नियमात 'जात' हा शब्द घातला. म्हणजे आपली जात विमानात बसून तिथवर पोचली हे त्यांनी कबूल केलं. आपल्या लोकांनी तिकडं झगडून मिळवलेली ही गोष्ट आहे, तिला माझा जयभीम. पण त्याच कोल्बीचा दुसरा आकडा बघा. त्याच चेट्टींच्या २०१७ च्या अभ्यासात, करखात्याच्या नोंदींवरून काढलेला : शंभरातली सुमारे २० पोरं देशातल्या वरच्या १ टक्का घरांतली, आणि खालच्या ६० टक्के घरांतली मिळून सुमारे ११. अशी आणखी ३७ कॉलेजं त्या यादीत होती. नियमात शब्द आला. दारातून कोण येतं तो हिशेब वेगळाच.

शब्द नको असं मी म्हणत नाही. नामांतरासाठी आपण १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षं लढलो. घरं जळाली, माणसं गेली. नाव म्हणजे काय असतं हे आपल्याला कुणी शिकवू नये. पण नाव मिळाल्यावर त्या नावाच्या दारातून कोण आत जातंय, हे मोजायचं कामही आपलंच आहे.

आता महाशय म्हणतील, मग अमेरिकेत ते ११ चे ३ झाले, तसं इथंही होईल. इथं महाशयांचं अज्ञान उघडं पडतं. अमेरिकेत आपल्यासारखं घटनेच्या आधाराचं आरक्षण कधी नव्हतंच. १९७८ साली बाकी खटल्यात तिथल्या कोर्टानं राखीव जागा बेकायदा ठरवल्या. एवढीच मुभा ठेवली की इतर दहा गोष्टींबरोबर वंशाचाही विचार करा. म्हणजे तो अकराचा आकडा कॉलेजच्या मर्जीवर होता. मर्जीनं दिलं ते एका निकालानं गेलं. आपला आकडा मर्जीचा नाही. त्याला घटनेचा आधार आहे. बाबासाहेबांना माहीत होतं की सवर्णाच्या चांगुलपणावर पोट भरत नाही. म्हणून त्यांनी हक्क कागदावर उतरवला. जोतीबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९७२ ला आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिथूनच उचललं. आपण त्यांच्याकडून शिकलो. आता या एका गोष्टीत त्यांनी आपल्याकडून शिकावं.

पण फुशारकी इथंच पुरे. कारण मर्जीचं दार आपल्याकडंही उघडलंय. लिबरल आर्ट्सच्या नावानं आपल्या देशातही खासगी विद्यापीठं निघाली. हिरवीगार मैदानं, काचेच्या इमारती, वर्षाची फी लाखांत. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीनं खासगी संस्थांतही राखीव जागांचा रस्ता मोकळा केला. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं गेली तरी सगळ्या खासगी संस्थांवर ते बंधन घालणारा केंद्राचा कायदा झाला नाही. तिथं आपलं पोरगं घेतलं तर शिष्यवृत्तीच्या दयेवर. म्हणजे तोच अकराचा आकडा. आज आहे, उद्या तीन.

आणि जिथं कायदा आहे तिथं काय चाललंय? इथं मला स्वतःची पाठ उघडी करावी लागते.

आमच्या कॉलेजात एका विनाअनुदानित तुकडीत एक पोरगी आली. आपली. बाप गवंड्याच्या हाताखाली. यादीत नाव वर होतं, राखीव जागेची गरजही पडली नाही, तरी तिला राखीवमध्येच बसवली. असं बसवलं की एक राखीव जागा भरते आणि खुली जागा 'त्यांच्या'साठी सुटते. माझ्या हातानं ती नोंद झाली. वरून सांगितलं होतं, मी केली.

सरकारी शिष्यवृत्ती यायची होती. ही शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे, बाबासाहेबांनी सरकारात बसून मिळवलेली. पण पैसे यायला उशीर, आणि संस्थेला थांबायला वेळ नाही. "आधी भर, आल्यावर परत देऊ." सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही. भाड्याची खोली, डबा. नोव्हेंबरात पोरगी दिसेनाशी झाली. जानेवारीत बाप टीसी मागायला आला. चप्पल बाहेर काढून काउंटरसमोर उभा राहिला. आमच्याकडून त्याला उत्तर मिळालं : आधी बाकी भरा.

ते उत्तर देणारं तोंड माझं होतं.

सरकारला दरवर्षी आम्ही माहिती भरून पाठवतो, प्रवर्गवार. ठरावीक तारखेला पटावर जेवढी नावं, तेवढा आकडा. त्या तारखेला ती पटावर होती. म्हणून ती मोजली गेली. नंतर कुठं गेली, कशी गेली, याला फॉर्मात माझ्यासाठी रकाना नव्हता. पुढं नॅकची समिती आली. पडद्यावर रंगीत तक्ता झळकला : अनुसूचित जातीचे विद्यार्थी १३ टक्क्यांच्या वर. टाळ्या पडल्या. त्या टक्क्यात ती पोरगी होती. तिचा बाप चप्पल काढून उभा राहिलेला कुठल्याच तक्त्यात नव्हता. तक्ता मी केला होता.

मापाड्याचा हात माझ्या मनगटाला चिकटलाय, भावांनो. म्हणून हे लिहितोय.

तर तुम्हाला सांगतो, मोर्चाला जा, घोषणा द्या, पण मोजायला शिका. कुठलंही कॉलेज तोंडावर टक्के फेकेल. म्हणा, एका आकड्यावर आमचं भागत नाही. चार आकडे टाका. दाराशी किती आले? आत किती घेतले, आणि कुठल्या जागेवर बसवले? वर्षाअखेर वर्गात किती उरले? पदवी घेऊन बाहेर किती पडले? या चार वह्या शेजारी शेजारी ठेवा. फरक दिसेल तिथं आपलं पोरगं पडलेलं असेल. मग पाचवी वही मागा : व्यवस्थापनाच्या कोट्यातून कोण आलं? ती वही लवकर सापडणार नाही. सापडेपर्यंत उठू नका.

अनुदानित कॉलेजला माहितीचा अधिकार लागू आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दहा रुपये! चहा-पावाचे पैसे. एका गटानं एक कॉलेज घ्या, तीन वर्षांच्या वह्या मागा. ह्यूस्टननं कॅमेरा उचलला होता, तुम्ही अर्ज उचला. आणि तुमचा अर्ज घेऊन जो क्लार्क काउंटरवर बसलेला असेल त्याच्या आडनावाकडंही बघा. तो आपलाच असला तर त्याला शिव्या घालू नका. त्याला सांगा की आम्ही मागे उभे आहोत. बावीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही.

महाशय, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आमचं कधी संपणार?

ज्या दिवशी पायलीच्या तोंडावरून फिरणारा तुमचा हात थांबेल, त्या दिवशी आपण दोघं मिळून हिशेब करू. तोवर आम्ही मोजणार. माझ्या टेबलाच्या खणात गेल्या सात वर्षांच्या गळालेल्या पोरांची यादी आहे. हातानं लिहिलेली. फॉर्मात रकाना नव्हता म्हणून वेगळ्या वहीत लिहिली. पहिलं नाव त्या पोरीचं.

ज्याला पाहिजे त्यानं येऊन उतरवून घ्यावी.

जयभीम.